दातावरून मासा : मेगालोडॉनच्या चित्रांविषयी

डायनोसॉरच्या खालोखाल शाळकरी मुलांमध्ये कोणत्या नामशेष प्राण्याची चलती असेल, तर ती मेगालोडॉन या शार्कची. सातवी-आठवीतल्या मुलाला त्याचे नाव ठाऊक असते, लांबीचा आकडा पाठ असतो आणि त्याचे चित्रही डोळ्यांपुढे असते. काळ्या-निळ्या पाण्यातून जबडा उघडून येणारा, रुंद छातीचा, धिप्पाड मासा. शेजारी तुलनेसाठी चिमुकला पाणबुड्या किंवा एखादी बस. पुस्तकांत, तक्त्यांवर, दूरचित्रवाणीवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर हेच चित्र थोड्याफार फरकाने फिरत असते. पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण करतात, तसे या चित्राचे परीक्षण करावे असा आमचा विचार आहे. चित्र सुंदर आहे की नाही, हा प्रश्न नाही. ते कशाच्या आधारावर काढले आहे, आणि तो आधार ते पाहणाऱ्याला सांगते की लपवते, एवढेच आम्हाला पाहायचे आहे.

प्रथम आधार काय तो पाहू. शार्कच्या अंगात हाडे नसतात, कूर्चा असते. बाजारात येणारी मुशी किंवा मोरी ज्यांनी कापताना पाहिली असेल त्यांना हे सांगायला नको. पापलेट-बांगड्यासारखे काटे तिच्यात निघत नाहीत, मधल्या कण्याचे गोल तुकडे तेवढे निघतात. मासा मेला की कूर्चा लवकर कुजते. कण्याच्या मणक्यांमध्ये चुन्याचा अंश असतो, म्हणून ते क्वचित टिकतात. दात मात्र टणक असतात, आणि शार्कचे दात आयुष्यभर पडत आणि नव्याने येत राहतात, म्हणजे एकच मासा समुद्राच्या तळाशी हजारो दात टाकून जातो. परिणाम असा, की मेगालोडॉनचे दात अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर सापडले आहेत. आपल्याकडे ओडिशातील बारीपदा येथील मायोसीन काळातील थरांतूनही त्यांची नोंद झाली आहे. (महाराष्ट्रातील शिक्षकांनी सह्याद्रीच्या काळ्या कातळात ते शोधण्याचा खटाटोप करू नये. तो लाव्हारसाचा खडक आहे आणि तो या माशाच्या कितीतरी आधीचा आहे.) दातांखेरीज काही ठिकाणचे मणके आणि जपानमधील एका खडकातले सूक्ष्म खवले, एवढेच काय ते हाती आहे. अखंड कवटी नाही. पर नाहीत. शेपटी नाही. शरीराच्या बाह्यरेषेचा ठसा कोठेही नाही. म्हणजे जे चित्र आपण रोज पाहतो त्यातला जबड्यातला दात तेवढा पाहिलेला, बाकी सगळे अनुमान.

अनुमान वाईट असते असे मात्र कोणी समजू नये. या दातांचा इतिहासच मुळी एका उत्तम अनुमानाने सुरू होतो. युरोपात हे दात शतकानुशतके ‘जिभेचे दगड’ म्हणून ओळखले जात. ते सापांच्या दगड झालेल्या जिभा आहेत अशी समजूत होती, आणि विषावर उतारा म्हणून लोक ते जवळ बाळगीत. १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ एक मोठा शार्क पकडला गेला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला आणून निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनासाठी दिले गेले. त्याच्या जबड्यातले दात आणि जिभेचे दगड यांतले साम्य स्टेनोने पाहिले आणि १६६७ मध्ये ते प्रसिद्ध केले. हे दगड म्हणजे पूर्वीच्या शार्कचे दात होत, हा विचार त्याच्याही आधी फाबिओ कोलोन्ना याने मांडला होता. पण जिवंत प्राण्याचा अवयव आणि खडकातला दगड शेजारी ठेवून विचार करण्याची रीत स्टेनोमुळे रुजली. गंमत अशी, की स्टेनोच्या त्या लेखातले शार्कच्या डोक्याचे प्रसिद्ध चित्र त्या शार्कचे नव्हेच. ते मिकेले मेर्काती या आधीच्या शतकातल्या विद्वानाच्या अप्रकाशित ग्रंथासाठी कोरलेले होते आणि स्टेनोने ते उसने घेतले होते. उसन्या चित्राची ही परंपरा पुढेही चालू राहिली.

१८४० च्या सुमारास लुई आगासी या स्विस शास्त्रज्ञाने या माशाला शास्त्रीय नाव दिले. दातांच्या कडा करवतीसारख्या दंतुर, त्रिकोणी आकार, म्हणून त्याने त्याला आजच्या मोठ्या पांढऱ्या शार्कच्या प्रजातीत, म्हणजे कारकारोडॉनमध्ये बसवले. पुढची सुमारे दीडशे वर्षे मेगालोडॉनचे चित्र काढायचे म्हणजे पांढऱ्या शार्कचे चित्र मोठे करायचे, हा सरळ हिशेब झाला. त्या काळी तो चूक म्हणता येणार नाही, कारण जवळच्या नातलगावरून अंदाज बांधणे ही मान्य रीत आहे.

पण नाते पुढे बदलले. जुन्या थरांपासून नव्या थरांपर्यंत दात ओळीने मांडले, तेव्हा दिसले की मेगालोडॉनचे पूर्वज वेगळे आहेत. ओटोडस या प्रजातीतल्या जुन्या शार्कच्या दातांच्या कडा गुळगुळीत होत्या आणि मुख्य सुळक्याच्या दोन्ही बाजूंना लहान सुळके होते. काळ पुढे सरकला तशी कड करवतीसारखी होत गेली, बाजूचे सुळके लहान होत होत नाहीसे झाले, आणि शेवटी मेगालोडॉनचा तळहाताएवढा दात तयार झाला. पांढरा शार्क दुसऱ्याच वंशातून आला आणि त्याच्या दातांना करवतीची कड स्वतंत्रपणे मिळाली. म्हणून आज बहुतेक अभ्यासक या माशाला ओटोडस मेगालोडॉन म्हणतात. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. नाव बदलले, नाते सुटले, पण चित्र तेच राहिले. पुस्तकांतल्या मजकुरात ‘ओटोडस’ असे नवे नाव छापलेले असते आणि शेजारच्या चित्रात फुगवलेला पांढरा शार्क पोहत असतो. मजकूर आणि चित्र एकमेकांशी बोलत नाहीत.

आता लांबीचे पाहू, कारण मुलांना पाठ असतो तो लांबीचाच आकडा. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयात १९०९ मध्ये बॅशफर्ड डीन यांनी मेगालोडॉनचा जबडा उभा केला. त्यात बसलेल्या माणसांचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि अजूनही छापले जाते. त्या जबड्यावरून मासा सुमारे ३० मीटरांचा ठरत होता. पण जबडा बनवताना मागचे दातही पुढच्या दातांएवढेच मोठे धरले होते. शार्कच्या जबड्यात पुढचे दात मोठे असतात आणि कोपऱ्याकडे ते लहान होत जातात. सगळे मोठेच दात बसवले तर त्यांना मावून घेणारा जबडाही तेवढाच पसरट करावा लागतो. १९७३ मध्ये जॉन रँडॉल यांनी दाताच्या उंचीवरून हिशेब केला, तो १३ मीटर आला. १९९६ मध्ये दुसऱ्या एका गटाचा आकडा जवळजवळ १६ मीटर आला. २०१९ मध्ये केन्शू शिमादा यांनी जास्तीत जास्त सुमारे १५ मीटर सांगितले, २०२१ मध्ये वेगळ्या पद्धतीने सुमारे २० मीटर निघाले आणि २०२५ मध्ये सुमारे २४ मीटर. मासा नामशेष होऊन ३६ लाख वर्षे झाली आणि तो अजून लहानमोठा होतोच आहे! पाठ्येतर पुस्तकांत मात्र यांपैकी कोणता तरी एकच आकडा असतो. तो कोणत्या साली, कोणत्या पद्धतीने काढला याचा पत्ता नसतो.

यातला २०२१ चा आकडा कसा जन्माला आला ती हकिगत प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशी आहे. व्हिक्टर पेरेझ हे २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या संग्रहालयात संशोधन करणारे विद्यार्थी होते. माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी ते एक पाठ तयार करत होते. मेगालोडॉनच्या खऱ्या दातांच्या हुबेहूब प्रतिकृती त्रिमितीय छपाई यंत्रावर काढून मुलांना द्यायच्या, मुलांनी दात मोजायचा, दिलेल्या सूत्रात आकडा घालायचा आणि माशाची लांबी काढायची. सर्व दात एकाच माशाचे होते, म्हणून सर्वांचे उत्तर जवळपास सारखे यायला हवे होते. प्रत्यक्षात उत्तरे आली ती १२ मीटरपासून ४५ मीटरपर्यंत.

अशा वेळी आपण काय करतो? एकक चुकले असेल, सूत्र चुकीचे घेतले असेल, गुणाकार तपासा, असे म्हणतो. पेरेझ यांनीही आधी तेच केले. मुलांचे मोजमाप बरोबर निघाले, गणितही बरोबर निघाले. चूक सूत्रात होती. दाताच्या उंचीवरून लांबी काढण्याची ही सूत्रे पांढऱ्या शार्कवरून बेतलेली होती, जबड्यातल्या प्रत्येक जागेच्या दातासाठी वेगळी. पुढच्या दातांना ती बऱ्यापैकी चालत, पण जबड्याच्या कोपऱ्याकडे जावे तसे उत्तर भलतेच फुगत जाई. ज्या सूत्रांवर तज्ज्ञ विसंबून होते, ती वर्गातल्या मुलांनी नकळत तपासली आणि ती नापास झाली. मग पेरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दातांची उंची सोडून रुंदी घेतली. दात जबड्यात शेजारी शेजारी बसतात, म्हणून सर्व दातांच्या रुंदीची बेरीज जबड्याच्या मापाशी बांधलेली असते, आणि जबडा शरीराच्या मापाशी. या पद्धतीने सुमारे २० मीटर हा आकडा आला. याही पद्धतीला मर्यादा आहेत. एकाच माशाचे बरेच दात एकत्र सापडावे लागतात आणि तसे संच फार थोडे आहेत.

आमच्या वर्गांत असे काही घडले असते तर? पंचेचाळीस मीटर लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत लाल फुली पडली असती, आणि बाराच्या मुलाने शेजारच्याचे पाहून सोळा करून टाकले असते. फलकावर सर्व उत्तरे मांडून ‘इतका फरक का?’ असे विचारायला जेवढा वेळ लागतो तेवढा आपल्या तासिकेत नसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही जो प्रयोग ठरलेले उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतला जातो त्याला प्रयोग म्हणायचे का, हा प्रश्न उरतोच.

शरीराच्या आकाराकडे वळू. अलीकडच्या काळातले सर्वांत जास्त छापले गेलेले मेगालोडॉन हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रतिमानातले आहे. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ १८६० च्या दशकात १४१ मणक्यांचा एक कणा सापडला होता. तो ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहे आणि त्याची लांबी ११.१ मीटर भरते. हा कणा, दात आणि पांढऱ्या शार्कचे सांगाडा-मांस यांची सांगड घालून सुमारे १६ मीटर लांबीचा, ६१ टनांपेक्षा जास्त वजनाचा मासा उभा केला गेला. काम कष्टाचे होते, गृहीतके लेखात लिहिलेली होती. पण वर्तमानपत्रांत गेले ते केवळ रंगीत चित्र आणि ‘पाच घासांत देवमासा’ अशा थाटाचे मथळे. गृहीतके मागेच राहिली.

२०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने याच कण्याकडे बोट दाखवून एक साधी विसंगती पुढे आणली. मणक्याच्या व्यासावरून पांढऱ्या शार्कच्या प्रमाणात लांबी काढली तर या माशाची एकूण लांबी ९.२ मीटर येते. म्हणजे डोके-शेपटीसह अख्खा मासा ९.२ मीटर आणि त्याच्या पोटातला कणा ११.१ मीटर! सदरा अंगापेक्षा लांब असू शकतो, कणा असू शकत नाही. याचा अर्थ मेगालोडॉनचे मणके त्याच्या लांबीच्या मानाने बारीक होते आणि मासा पांढऱ्या शार्कपेक्षा सडपातळ, लांबोडका असावा. एका वाक्यात मांडता येणारी, आठवीच्या मुलालाही पटणारी ही हरकत आहे. चांगली टीका म्हणतात ती हीच. तिच्यासाठी नवे जीवाश्म लागले नाहीत, जुनेच दोन आकडे शेजारी ठेवावे लागले.

२०२५ मध्ये शिमादा आणि अनेक सहकाऱ्यांनी तोच धागा पुढे नेला. बऱ्याच जातींच्या शार्कच्या शरीराची प्रमाणे घेऊन त्यांनी बेल्जियमच्या माशाला पावणेदोन मीटरांच्या आसपास डोके आणि साडेतीन मीटरांच्या आसपास शेपटी दिली. एकूण झाली सुमारे १६.४ मीटर. त्याचा सर्वांत मोठा मणका साडेपंधरा सेंटिमीटर व्यासाचा आहे, तर डेन्मार्कमध्ये ग्रॅम येथे सापडलेला एक मणका २३ सेंटिमीटरचा. त्रैराशिक मांडले की २४.३ मीटर येतात. वजन सुमारे ९४ टन. या चित्रातला मासा धष्टपुष्ट नाही, लेमन शार्कसारखा लांबट आहे. आम्हाला हे चित्र अधिक पटते. पण ते पटण्याचे कारण ते नवे आहे हे नव्हे. त्यात कोणता आकडा कोठून आला हे बोट ठेवून दाखवता येते, आणि कच्चा दुवाही त्यातच दिसतो. लहान मणक्याच्या माशाचे आणि मोठ्या मणक्याच्या माशाचे प्रमाण सारखेच असेल, असे त्रैराशिकाने गृहीत धरले आहे. वाढत्या वयाबरोबर शरीराची प्रमाणे बदलतात, हे तान्ह्या मुलाचे डोके पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते.

कादंबरी-चित्रपटांबद्दल आम्ही फार लिहिणार नाही. स्टीव्ह आल्टन यांच्या १९९७ च्या ‘मेग’ कादंबरीच्या सुरुवातीस मेगालोडॉन टी. रेक्सला फाडतो. दोघांमध्ये चार कोटी वर्षांहून मोठे अंतर आहे. तिच्यावरून २०१८ मध्ये चित्रपट निघाला, त्यात हा मासा मरियाना गर्तेत लपून राहिलेला आहे. मुले ‘तो अजून जिवंत असेल का?’ असे विचारतात ते यावरून. या प्रश्नाला हसू नये, कारण त्याचे उत्तर दातांतच आहे. रोज दात टाकणारा मासा लपून राहू शकत नाही. जिवंत असता तर आजच्या गाळात त्याचे ताजे दात सापडले असते. चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ च्या सफरीत खोल समुद्रातून वर काढलेले दोन दात १९५९ मध्ये अवघ्या ११ हजार आणि २४ हजार वर्षांचे ठरवले गेले होते. दातावर चढलेल्या मँगनीजच्या पुटाची जाडी मोजून आणि ते पूट ठरावीक वेगाने चढते असे मानून तो हिशेब केला होता. तो वेग स्थिर नसतो, म्हणून हिशेब टिकला नाही. शिवाय मेगालोडॉन उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत देवमाशांवर जगणारा. २०२३ च्या एका अभ्यासात दातांच्या रसायनावरून त्याचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे ७ अंश सेल्सिअसने गरम असावे असे दिसले. एवढी भट्टी पेटती ठेवायला अन्नही तेवढेच लागते, आणि गर्तेच्या तळाशी ते नाही.

चित्रपटाला आम्ही दोष देत नाही. तिकीट काढताना आपण गोष्ट पाहायला चाललो आहोत हे सर्वांना ठाऊक असते. दोष द्यायचा तर डिस्कव्हरी वाहिनीने ऑगस्ट २०१३ मध्ये दाखवलेल्या ‘मेगालोडॉन : द मॉन्स्टर शार्क लिव्ह्ज’ या कार्यक्रमाला. त्यातले शास्त्रज्ञ म्हणजे नट होते, पुरावे बनावट होते, आणि हे काल्पनिक आहे अशी सूचना शेवटी निसटती दाखवली गेली. सुमारे ४८ लाख लोकांनी तो पाहिला. माहितीपटाची भाषा, मुलाखतीची पद्धत, निवेदकाचा गंभीर आवाज, हे सारे ज्या विश्वासावर चालते तो विश्वासच येथे वापरून टाकला. कादंबरीने फार तर एक चुकीची गोष्ट सांगितली. या कार्यक्रमाने ‘शास्त्रज्ञ सांगतात’ या शब्दांचे मोल कमी केले, आणि त्याची किंमत वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला मोजावी लागते.

तक्ते काढणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. मेगालोडॉन जरूर काढा, रंगीत काढा, पण जे सापडले आहे तेवढे गडद रंगात आणि बाकीचे फिक्या तुटक रेषेत काढा. दात गडद, कण्याचे मणके गडद, बाकी सगळा मासा तुटक. शेजारी पाणबुड्या हवाच असेल तर त्याच्या जोडीला १३, १६, २०, २४ मीटरांच्या चार रेघा आणि त्यांची साले असू द्या. असा तक्ता कमी खपेल हे उघड आहे.

तोवर किनाऱ्यावरच्या शाळांना बाजारातून मोरीच्या डोक्याचा जबडा मिळवता येईल. कोळीणबाई तो बहुधा टाकूनच देतात. उकळून, दात न हलवता स्वच्छ करावा, वाळवावा आणि मुलांना पट्टीने मोजायला द्यावा. मधला दात, कडेचा दात, अगदी कोपऱ्यातला दात, वरचे वेगळे, खालचे वेगळे. मासा विकत घेतानाच त्याची लांबी मोजून एका चिठ्ठीवर लिहून ठेवावी, आणि ती चिठ्ठी सर्व गटांची उत्तरे फलकावर येईपर्यंत कोणाला दाखवू नये.